बावखलाकाठचा नीरफणस

वसईच्या पश्चिम पट्ट्यातील जुन्या वाड्यांत, नारळी-केळींच्या दाटीतून बावखलाकडे, म्हणजे वाडीतल्या गोड्या पाण्याच्या तळ्याकडे, जाताना, पंज्याची बोटे फाकावीत तशी खोल कातरलेली, हातभर लांबीची तुकतुकीत पाने ज्याला बारमाही लगडलेली असतात असा एक वृक्ष क्वचित दृष्टीस पडतो; आणि हा नीरफणस, आपल्या फणसाचा जवळचा भाऊबंद, असे वाडीवाल्याने सांगितले तरी, आठळ्या भाजून खाण्याची वहिवाट असलेल्या आपणांस या बहुधा निर्बीज फळाचे ते नाते सहजी पटत नाही.

याचे मूळ प्रशांत महासागराच्या बाजूचे. न्यू गिनीतील सबीज पूर्वजापासून निपजलेला, बीज हरवून बसलेला हा वृक्ष बेटामागून बेट ओलांडीत गेला तो केवळ दर्यावर्दी लोकांनी त्याची मुळाची पिल्ले होडीतून जपून नेली म्हणून. पुढे वेस्ट इंडीजच्या मळ्यांतील गुलामांस स्वस्त अन्न मिळावे, अशा हिशेबाने इंग्रज सरकारने कप्तान ब्लाय यास याची रोपे आणण्यास ताहितीस धाडले. परंतु २८ एप्रिल १७८९ रोजी त्याच्या ‘बाउंटी’ जहाजावर बंड झाले, ब्लायला होडीत घालून समुद्रात सोडण्यात आले आणि हजारावर रोपे दर्यात फेकली गेली. दुसऱ्या सफरीतील रोपे १७९३ मध्ये सुखरूप पोचली, पण ज्यांच्यासाठी हा सारा खटाटोप, त्यांना ते फळ आरंभी रुचले नाही. नवल कसले!

वसई हेही एके काळी खाड्यांनी तोडलेले बेटच. उष्ण, दमट हवा, भरपूर पाऊस आणि सौम्य थंडी या वृक्षास मानवते. निचऱ्याची जमीन व गोडे पाणी मात्र हवे. बावखले बुजून विहिरी मचूळ होत चालल्या, तिथे त्याची उमेद धरण्यात अर्थ नाही.

लागवडीची युक्ती मुळांत आहे. पावसाच्या तोंडी, खोडापासून चार हातांवर माती उकरून, वर आलेल्या मुळास कोयत्याचा निसटता घाव द्यावा. काही महिन्यांत तेथून फुटवा येतो. तो वीतभर होताच उपटण्याचा मोह मी एकदा आवरू शकलो नाही, आणि रोप आठवड्यात वाळले. त्याला स्वतःची तंतुमुळे फुटेपर्यंत थांबावे, प्रथम आईच्या बाजूचे मूळ तोडावे, काही आठवड्यांनी गड्डा उचलून पिशवीत, सावलीत ठेवावा आणि पुढच्या ज्येष्ठात, दुसऱ्या झाडापासून पंचवीस फुटांवर लावावा. पहिले दोन उन्हाळे पाणी व पालापाचोळ्याचे आच्छादन यांत हयगय नको. फळ साधारण चौथ्या-पाचव्या वर्षी धरते.

सालीवर चिकाचे थेंब सुकून दिसू लागले, की फळ तयार झाले. दोन-तीन दिवसांतच ते मऊ पडते, म्हणून ताबडतोब सुरीला खोबरेल चोपडून साल व मधला दांडा काढावा, काप करून मीठ, हळद, तिखट लावावे, रव्यात घोळवून तव्यावर खरपूस होऊ द्यावे.

माझे दुसरे रोप सध्या पिशवीतच आहे. दोन पाने उलगडली आहेत. तिसरे अजून टोकदार हिरव्या कोषात गुंडाळलेले आहे.