शेतरस्त्याला अवजार कोणतं घ्यावं?

सभासद बंधूंनो, तोड येते आणि नेमका आदल्या रात्री पाऊस होऊन काळ्या रानात ट्रॉलीचं चाक रुततं. तोडलेला ऊस जितका पडून राहील तितकं वजन घटतं, उताराही घटतो. म्हणून मुरूम-खडीचा रस्ता हवा.

काळी माती भिजली की फुगते, सुकली की भेगाळते. तिच्यावर नुसता मुरूम टाकला तर तो आत जिरतो. वरची मऊ माती काढायला जेसीबी तासावर सांगावा. मुरूम पसरायला ट्रॅक्टरमागचं पातं पुरतं. एवढ्याशा कामाला ग्रेडर नको.

३०० फूट लांब, १० फूट रुंद रस्त्याच्या ६ इंची थराला १५०० घनफूट, म्हणजे १५ ब्रास लागतात. हे दाबल्यावरचं माप. सुटा मुरूम २० ब्रास धरावा.

रोलरवर मात्र हात आखडू नका. आम्ही एकदा ट्रॅक्टरच फिरवून काम भागवलं. चाकाखालचं दबलं, मधलं भुसभुशीत राहिलं आणि आषाढात चाकोऱ्यांची डबकी झाली! ८ ते १० टनी रोलर आणा, कडेकडून मध्याकडे फिरवा. सोबत पाण्याचा टँकर हवाच. ओला मुरूम मुठीत आवळला की गोळा व्हावा, पाणी गळू नये.

रस्त्याचा मध्य कडेपेक्षा ३ इंच उंच ठेवावा, आणि जेसीबी परत पाठवण्याआधी दोन्ही बाजूंचे चर त्याच्याकडूनच काढून घ्यावेत.