दोन मिळकती, एक म्हातारपण

श्रावण जवळ आला की डिचोली तालुक्यातील गणपतीच्या चित्रशाळांतून रात्री उशिरापर्यंत दिवे जळत असतात. तेथे माती मळणाऱ्यांपैकी कित्येकजण दिवसा खाजगी कारखान्यात किंवा कचेरीत नोकरी करतात. पेडण्यातही पाळी संपवून संध्याकाळी टॅक्सी चालविणारे आढळतात. अशा दुहेरी मिळकतीच्या माणसाला उतारवयासाठी किती रक्कम साठविता येते, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

मूर्तिकाराचेच उदाहरण घेऊ. नोकरीत त्याचा मूळ पगार व महागाई भत्ता मिळून दरमहा २५,००० रुपये आहेत, आणि सर्व पगारावर भविष्यनिर्वाह निधीची कपात होते, असे समजा. शेकडा १२ प्रमाणे त्याचे दरमहा ३,००० रुपये, म्हणजे वर्षाचे ३६,००० रुपये, निधीत जातात. मालकही तितकीच भर घालतो. तिचा काही भाग निवृत्तिवेतन योजनेकडे वळतो. चित्रशाळेच्या मिळकतीतून मात्र कोणी काही कापत नाही आणि कोणी भरही घालीत नाही. ती जबाबदारी सर्वस्वी त्याची स्वतःची.

त्याच्यासाठी पहिला मार्ग टपाल कचेरीतील किंवा बँकेतील सार्वजनिक भविष्यनिर्वाह निधीचा. तेथे वर्षाला कमीत कमी ५०० व जास्तीत जास्त १,५०,००० रुपये भरता येतात. मिळकती दोन असल्या तरी ही मर्यादा दुप्पट होत नाही, कारण ती माणसागणिक आहे. अज्ञान मुलाच्या नावे त्याने भरलेली रक्कमही तीतच धरली जाते. दुसरा मार्ग पगारातील कपात स्वेच्छेने वाढविण्याचा. घरखर्च चित्रशाळेच्या पैशांतून भागवावा आणि पगारातून जादा रक्कम निधीत जाऊ द्यावी. मात्र त्या जादा रकमेवर मालकाने भर घालावी असे बंधन नाही. आणि कामगाराचा वाटा वर्षाला अडीच लाखांवर गेला, तर वरच्या रकमेच्या व्याजावर कर लागतो. तिसरा मार्ग २००९ साली सर्व नागरिकांना खुल्या झालेल्या राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेचा.

भरण्याची मर्यादा वेगळी आणि करसवलतीची वेगळी, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. जुन्या करपद्धतीत दीड लाखाची सवलत सर्व बचतींना मिळून एकच आहे. आपल्या मूर्तिकाराचे ३६,००० आधीच त्यात मोडतात; उरतात १,१४,०००. राष्ट्रीय योजनेत भरलेल्या रकमेला याखेरीज आणखी ५०,००० रुपयांपर्यंत सवलत मिळते. नव्या करपद्धतीत स्वतः भरलेल्या रकमेवर या दोन्ही सवलती नाहीत. तेव्हा पैसे भरण्यापूर्वी आपली करपद्धती कोणती, ते पाहावे.

जोडधंद्याचा भरवसा किती धरावा, हे डिचोलीला सांगावयास नको. २०१२ साली आणि पुन्हा २०१८ साली खाणी थांबल्या, तेव्हा कर्ज काढून घेतलेले ट्रक दारात उभे राहिले. कर्जाच्या वसुलीसाठी न्यायालयाच्या हुकुमानेही जप्त होत नाही, अशी सार्वजनिक निधीतील शिल्लक असते. म्हणून हंगामाचे पैसे हाती येतील तेव्हा म्हातारपणाचा वाटा आधी बाजूस काढावा. उरलेल्यात खर्च बसवावा.