उभी गाडी, जागा कॅमेरा आणि उतरलेली बॅटरी

आजचा विषय लोणची-पापडाचा नाही आणि बँकेच्या हप्त्याचाही नाही. आज गाडीबद्दल बोलू. आता बऱ्याच गटांकडे आणि ग्रामसंघांकडे स्वतःची छोटी गाडी आहे. कुणी २०१७ साली सुरू झालेल्या आजीविका ग्रामीण एक्सप्रेस योजनेतून घेतली, कुणी बँकेच्या कर्जातून. कुणाची गाडी भाजी नेते, कुणाची दूध, कुणाची शाळेची मुलं. आणि हल्ली या गाड्यांच्या पुढच्या काचेला आतून एक छोटा कॅमेरा चिकटवलेला दिसतो. त्याला डॅशकॅम म्हणतात. अपघात झाला तर चूक कुणाची ते कळतं, म्हणून तो बसवायचा. रात्री गाडी उभी असताना कुणी ठोकून गेलं किंवा डिझेल काढलं तर तेही दिसावं, म्हणून त्यात पार्किंग मोड असतो. म्हणजे गाडी बंद, पण कॅमेरा जागा.

तक्रार इथूनच सुरू होते. पहाटे चारला बाजाराला निघायचं, भाजी भरलेली, आणि सेल्फ मारला की नुसतं टक-टक. मग धक्का मारा, शेजारच्याची गाडी आणा, वायर जोडा. दोनचार वेळा असं झालं की गॅरेजवाला म्हणतो, "बॅटरी गेली, नवीन घ्या." गट पाचसहा हजार रुपये घालतो, आणि पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. एका गटात तर संशय ड्रायव्हरवर गेला. रात्री गाडीत बसून गाणी ऐकतो, पंखा लावतो, म्हणून बॅटरी उतरते, असं ठरवून नव्या बॅटरीचे अर्धे पैसे त्याच्या पगारातून कापले. नंतर कळलं, दोष वायर जोडण्यात होता. पैसे परत दिले गेले, पण तो माणूस काम सोडून गेला होता. म्हणून म्हणते, नवी बॅटरी घेण्याआधी आणि कुणाला बोल लावण्याआधी थोडं तपासून बघा. यातलं बरंचसं आपल्याला स्वतःला जमतं.

आधी हिशेब समजून घेऊ. हिशेब आपल्याला नवा नाही. छोट्या गाडीची बॅटरी साधारण ३५ अँपिअर-अवरची असते. तो आकडा बॅटरीवरच छापलेला असतो. ही झाली आपली शिल्लक. कॅमेरा चालू असताना साधारण ०.३ अँपिअर वीज घेतो, थोडी कमी किंवा थोडी जास्त. रात्री आठ ते पहाटे पाच, म्हणजे नऊ तास. नऊ गुणिले ०.३, झाले २.७. पस्तीसमधून पावणेतीनही गेले नाहीत. म्हणजे बॅटरी चांगली असेल आणि दिवसा नीट भरली असेल, तर एका रात्रीत कॅमेऱ्यामुळे गाडी बंद पडायला नको. पडली, तर कॅमेऱ्याच्या जोडीला आणखी काहीतरी बिघडलेलं आहे. पण आता दुसरा हिशेब करा. लग्नाला गेलात, गाडी चार दिवस दारात उभी. शहाण्णव तास गुणिले ०.३, जवळजवळ एकोणतीस. शिल्लक संपली! मग कितीही नवी बॅटरी असली तरी गाडी उठणार नाही.

आता तुम्ही म्हणाल, रोज गाडी चालते की, मग भरत का नाही? गाडी चालू असताना अल्टरनेटर बॅटरी भरतो. आपल्याकडे त्याला अजून डायनामोच म्हणतात. पण गावातून फाट्यापर्यंत दहा मिनिटं, परत दहा मिनिटं, त्यात हेडलाइट आणि पंखा चालू, एवढ्यात रात्रीचा खर्च भरून निघेलच असं नाही. रोज थोडी थोडी तूट राहते आणि आठवड्याने एकदम अंगावर येते.

तपासणीची पहिली पायरी बिनखर्चाची आहे. तीन रात्री कॅमेऱ्याची वायर काढून ठेवा. कॅमेऱ्याच्या मागची पिन ओढली तरी चालेल. तिन्ही दिवस सकाळी गाडी चटकन चालू झाली, तर दोष कॅमेऱ्याच्या बाजूला. वायर काढूनही गाडी उठत नसेल, तर बॅटरी जुनी झाली आहे किंवा दुसरं काहीतरी वीज खातंय: डिकीतला दिवा, नंतर बसवलेला टेप, हॉर्न, जीपीएस. या एका चाचणीने निम्मी भांडणं मिटतात, असा माझा अनुभव आहे.

दुसऱ्या पायरीला मीटर लागतो. वायरमन वापरतात तो साधा मल्टिमीटर चारपाचशे रुपयांत मिळतो. गटाच्या खर्चाने घ्या, गिरणीला आणि पंपालाही उपयोगी पडतो. त्याची चकती डीसी २० व्होल्टवर ठेवायची. लाल वायर मीटरच्या व्होल्ट लिहिलेल्या भोकात हवी. १० अँपिअरच्या भोकात घालायची नाही. मग लाल टोक बॅटरीच्या अधिक खुणेला आणि काळं टोक उणे खुणेला लावायचं. बारा व्होल्टचा झटका बसत नाही, त्याची भीती नको. भीती धातूची आहे. हातातल्या सोन्याच्या किंवा स्टीलच्या बांगड्या काढून ठेवा, मंगळसूत्र ब्लाउजच्या आत घ्या. बांगडी दोन्ही टोकांना एकदम टेकली तर ती क्षणात तापते आणि हात भाजतो. बॅटरीजवळ काडीही पेटवू नका, भरताना तिच्यातून जळणारा वायू निघतो.

मोजायचं सकाळी, गाडी चालू करण्याआधी. गाडी नुकतीच बंद केलेली असेल तर आकडा फुगलेला दिसतो, त्यावर विश्वास ठेवू नका. सकाळचा आकडा १२.६ किंवा त्याच्या वर असेल तर बॅटरी पूर्ण भरलेली. १२.४ म्हणजे साधारण पाऊण. १२.२ म्हणजे निम्मी. १२.० म्हणजे पाव उरली. ११.८ म्हणजे तळाला गेली. मधलं अंतर किती थोडं आहे ते बघा. एका व्होल्टच्याही आत भरलेल्याची रिकामी होते. म्हणून मीटरवर "बाराच्या वर आहे, म्हणजे ठीक" असं समजायचं नसतं. नंतर गाडी चालू करून पुन्हा मोजा. आता साडेतेरा ते साडेचौदा यायला हवेत. तेरापेक्षाही कमी येत असतील तर डायनामो नीट भरत नाही, कॅमेऱ्याला दोष देऊ नका. तिसरं, कुणालातरी सेल्फ मारायला सांगून तेवढ्या वेळात आकडा बघा. पूर्ण भरलेली बॅटरी सेल्फ मारताना साडेनऊच्याही खाली जात असेल, तर ती थकली आहे. तीनचार वर्षं झाली असतील तर ते वयच आहे. मात्र आधी टोकांवरची पांढरी-हिरवी पावडर गरम पाण्याने धुऊन, कोरडी करून, नट घट्ट करून बघा. कधी कधी एवढ्यानेच गाडी उठते.

आता कॅमेऱ्याच्या वायरकडे येऊ. साधा कॅमेरा मोबाइल चार्जिंगच्या सॉकेटमधून चालतो आणि बहुतेक गाड्यांत किल्ली काढली की बंद होतो. पार्किंग मोडसाठी वेगळी वायर लागते, तिला हार्डवायर किट म्हणतात. तिच्यात एक छोटी डबी असते. ती गाडीच्या बारा व्होल्टचे पाच व्होल्ट करून कॅमेऱ्याला देते. चांगल्या डबीत आणखी एक सोय असते, कट-ऑफ. बॅटरी ठरलेल्या आकड्यापर्यंत उतरली की डबी कॅमेरा बंद करते. आपण गटात ठरवतो ना, एवढी रक्कम खात्यात राहिलीच पाहिजे, त्याच्या खाली कुणालाही कर्ज नाही, तसंच. डबीवर किंवा कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ११.८, १२.०, १२.२, १२.४ असे आकडे असतात. बरेच जण ११.८ वर ठेवतात, कारण कॅमेरा जास्त वेळ चालतो. पण आत्ताच बघितलं, ११.८ ला बॅटरी तळाला गेलेली असते. मग सकाळी सेल्फला उरणार काय? ज्या गाडीवर पोट आहे तिचा कट-ऑफ १२.२ च्या खाली ठेवू नये, बॅटरी जुनी असेल तर १२.४ ठेवावा, असं माझं स्पष्ट मत आहे. गाडीची बॅटरी एका झटक्यात जोर देण्यासाठी बनवलेली असते. ती वारंवार तळापर्यंत रिकामी केली की आतल्या शिशाच्या पट्ट्यांवर थर बसतो आणि तिचं आयुष्य घटतं. नवी बॅटरी पुन्हा पुन्हा का गेली, त्याचं कारण अनेकदा हेच असतं.

काही दुकानांत स्वस्तातली डबी लावतात, तिच्यात कट-ऑफच नसतो. ती बॅटरी पार रिकामी होईपर्यंत कॅमेरा चालवते. बिल देण्याआधी विचारा, "कट-ऑफ किती व्होल्टला आहे?" सांगता आलं नाही तर दुसरं दुकान बघा.

किटला तीन वायरी असतात. एक कायम वीज असलेल्या फ्यूजला जोडायची. दुसरी, एसीसी लिहिलेली, किल्ली फिरवल्यावरच वीज येते अशा फ्यूजला. तिसरी, काळी, अर्थिंगची, गाडीच्या लोखंडी भागाला. बहुतेक किटमध्ये पहिली पिवळी आणि दुसरी लाल असते, पण कंपनीप्रमाणे रंग बदलतात. वायरीवरची चिठ्ठी वाचून घ्या. कोणती वायर कुठे गेली यावरून बिघाड ओळखता येतो. किल्ली काढली की कॅमेरा लगेच विझतो, पार्किंग मोड येतच नाही? पहिल्या दोन्ही वायरी किल्लीच्या फ्यूजला गेल्या असतील. उलट, किल्ली काढून तास झाला तरी कॅमेरा दिवसासारखंच रेकॉर्डिंग करतोय? दोन्ही वायरी कायम विजेवर आहेत. त्याला वाटतं गाडी चालूच आहे, म्हणून तो पार्किंग मोडमध्ये जात नाही आणि रात्रभर जास्त वीज खातो. वर सांगितलेल्या गटाच्या गाडीत हेच झालं होतं. वायरमनने एसीसीची वायर आतल्या दिव्याच्या फ्यूजला दिली होती, आणि आतल्या दिव्याला किल्लीशिवायही वीज असते.

खड्ड्यातून गेलं की कॅमेरा बंद-चालू होतो? तर काळी वायर बघा. ती रंग दिलेल्या पत्र्यावर किंवा प्लास्टिकमधल्या स्क्रूला आवळलेली असते. रंग खरवडून उघड्या लोखंडाला घट्ट बसवली की थांबतं. ढिल्या वायरीचा आणखी एक घोळ आहे. बॅटरीपाशी १२.५ असतात, पण डबीपर्यंत पोचेपर्यंत १२.२ होतात. डबीला वाटतं बॅटरी उतरली आणि ती कॅमेरा तासाभरात बंद करते. "पार्किंग मोड रात्रभर टिकत नाही" ही तक्रार असेल तर बॅटरीपाशी आणि डबीच्या टोकापाशी, दोन्हीकडे मोजा. आकडे सारखे नसले तर वायर दुरुस्त करा.

फ्यूज तपासताना एक लक्षात ठेवा. किल्ली काढून, दारं लावून अर्धा तास थांबा आणि मगच मोजा. नव्या गाड्यांत काही ठिकाणी किल्ली काढल्यावरही थोडा वेळ वीज राहते. एअरबॅग, ब्रेकचं एबीएस आणि इंजिनचा कॉम्प्युटर, या तिघांच्या फ्यूजला कधीही हात लावू द्यायचा नाही. जळालेल्या फ्यूजच्या जागी जास्त अँपिअरचा फ्यूज घालू द्यायचा नाही. फ्यूजऐवजी तार तर मुळीच नाही, गाडी पेटते. गाडी वॉरंटीत असेल तर आधी सर्व्हिस सेंटरला विचारून घ्या.

आणि हे सगळं करण्याआधी गटात एक प्रश्न विचारा: आपल्याला पार्किंग मोड लागतो का? गाडी रात्री कुणाच्या अंगणात, कुत्र्याच्या राखणीत उभी असेल तर तो बंद ठेवा, बाजारात किंवा शहरात मुक्काम असेल तेव्हाच लावा. बऱ्याच कॅमेऱ्यांत फक्त धक्का लागल्यावर रेकॉर्डिंग करायची सोय असते, ती बरीच कमी वीज खाते. काहींत वेळेची मर्यादा घालता येते, सहा तास, बारा तास. चार दिवस गाडी उभी राहणार असेल तर सरळ पिन काढा.

फोनवर एका ताईंनी विचारलं होतं, कॅमेऱ्याची तारीख रोज चुकते, ते कशाने? कॅमेऱ्याच्या आत छोटी बॅटरी असते. तिचं काम घड्याळ चालू ठेवायचं आणि वीज गेल्यावर शेवटचं रेकॉर्डिंग जपून ठेवायचं, एवढंच. उन्हात काच तापून ती खराब झाली, आणि कायम विजेची वायरही तुटलेली असली, की किल्ली काढल्यावर घड्याळ मागे जातं. कॅमेऱ्याची पाठ फुगलेली दिसली तर तो चार्जिंगला लावू नका, काढून बदलून घ्या. फुगलेली नसेल तर वायर तपासा, तारीख आणि वेळ नीट लावा, आणि दर महिन्याच्या बैठकीच्या दिवशी एकदा बघत जा. विम्याच्या दाव्यात अपघात सोमवारचा आणि कॅमेऱ्यात तारीख दोन वर्षांपूर्वीची असेल, तर समोरचा वकील पहिलं बोट तिथेच ठेवेल.