ओंडक्याचा भाव आणि गिरणीशी बांधिलकी

अमेरिकेच्या पूर्व भागातली बहुतेक जंगलं खाजगी मालकीची आहेत. लाकूडतोडीचा ठेकेदार जमीनमालकाकडून उभी झाडं विकत घेतो. हा सौदा कधी उक्ता होतो, तर कधी निघेल तेवढा माल मोजून. झाडं पाडून, फांद्या छाटून, ठरावीक लांबीचे तुकडे करून तो ओंडके ट्रकने गिरणीत पोचवतो. मेन, व्हर्मॉंटपासून वेस्ट व्हर्जिनिया, केंटकीपर्यंत हे काम बरंचसं छोट्या लोकांच्या हातात आहे: दोन-चार माणसं, ओंडके ओढणारं एखादं यंत्र आणि त्या यंत्राचे हप्ते. ट्रकच्या पल्ल्यात तीन-चार गिरण्या असल्या, तर प्रत्येकीचा भाव वेगळा असतो. तरीही अनेक ठेकेदार वर्षानुवर्षं एकाच गिरणीला माल घालतात, आणि ती सगळ्यांत जास्त भाव देणारी असतेच असं नाही. यामागे भोळेपणा नाही. कागदावरचा भाव आणि हातात पडणारे पैसे यांत पुष्कळ अंतर असतं, हे अनुभवाने कळलेलं असतं.

भाव सांगितला जातो तो हजार ‘बोर्ड फुटां’ना इतके डॉलर असा. एक फूट लांब, एक फूट रुंद आणि एक इंच जाड फळी म्हणजे एक बोर्ड फूट. पण विकायचा असतो गोल ओंडका. त्यातून किती फळ्या निघतील हा अंदाज असतो, आणि तो बांधायच्या पद्धतीही अनेक आहेत. एडवर्ड डॉयल यांची पद्धत 1825 सालची. ती ओंडक्याच्या व्यासातून सरसकट चार इंच वजा करते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आलेली ‘इंटरनॅशनल’ पद्धत प्रत्यक्ष निघणाऱ्या फळ्यांच्या बरीच जवळ जाते. बारीक टोकाला 12 इंच व्यासाचा, 16 फूट लांबीचा ओंडका घेतला, तर डॉयलप्रमाणे तो 64 बोर्ड फूट भरतो आणि इंटरनॅशनलप्रमाणे 95. ओंडका तोच, झाड तेच.

समजा, एक गिरणी डॉयलने मोजून हजाराला 600 डॉलर देते आणि दुसरी इंटरनॅशनलने मोजून 450. या ओंडक्याचे पहिल्या गिरणीत सुमारे 38 डॉलर होतील, दुसरीत जवळपास 43. म्हणजे कमी भाव सांगणारी गिरणी जास्त पैसे देते. तेच 20 इंची ओंडक्याला उलटं होतं: पहिलीत सुमारे 154 डॉलर, दुसरीत 130. म्हणून आपलं जंगल बारीक झाडांचं आहे की जाड, हे पाहिल्याशिवाय दोन भावपत्रकांची तुलना करण्यात अर्थ नसतो.

त्यानंतर येते प्रतवारी. गिरणीच्या आवारात मोजणारा माणूस पट्टी घेऊन ओंडक्याचं बारीक टोक साल सोडून मोजतो, मग चारही बाजूंनी गाठी, तडे, पोकळी, कुज पाहतो. चारही बाजू स्वच्छ असतील तर भाव वरचा. एखाददुसरीच स्वच्छ असेल तर ओंडका खालच्या प्रतीत जातो. सगळ्यांत निवडक माल प्लायवूडवर चिकटवायच्या पातळ पापुद्र्यांसाठी जातो आणि त्याचा भाव साध्या ओंडक्याच्या अनेक पट असतो. गाठाळ माल रेल्वेच्या स्लीपरना किंवा सामान ठेवायच्या लाकडी फळकुट्यांना. लांबी दोन-तीन इंचांनी तोकडी भरली, तरी ओंडका खालच्या मापात धरला जाऊ शकतो. मेन आणि न्यू हॅम्पशायर राज्यांत मोजणाऱ्याला सरकारी परवाना लागतो. तरी गाठ किती मोठी मानायची, कुजीसाठी किती कापायचं, हे शेवटी त्याच्या नजरेवर राहतं. ऊस घालणाऱ्या शेतकऱ्याची नजर जशी कारखान्याच्या वजनकाट्यावर, तशी ठेकेदाराची या पट्टीवर. ज्या गिरणीची पट्टी सरळ चालते, तिचा भाव दोन पैसे कमी असला तरी परवडतो.

खरी कसोटी मात्र आवार भरल्यावर लागते. उत्तरेकडच्या राज्यांत जमीन गोठलेली असते तेव्हाच जड यंत्रं जंगलात नीट चालतात. वसंतात बर्फ वितळून चिखल होतो, ग्रामीण रस्ते जड ट्रकना बंद होतात. म्हणून हिवाळ्यात ओंडक्यांचे ढीग लागतात. उन्हाळ्यात उलट अडचण: मेपल आणि पाइनचं लाकूड पडून राहिलं की डागाळतं, त्यामुळे गिरण्या साठा कमी ठेवतात. फळ्यांची मागणी घटली, की खरेदी एका फोनवर थांबते. अशा वेळी नेहमी माल घालणाऱ्याचा ट्रक आत घेतला जातो आणि भाव पाहून आलेल्याला परत पाठवलं जातं. परत पाठवलेल्या ट्रकचं डिझेल, ड्रायव्हरचा दिवस आणि डागाळलेला माल हे सगळं ठेकेदाराच्या अंगावर पडतं. शिवाय ओळखीची गिरणी उभी झाडं घ्यायला उचल देते आणि पैसे दर आठवड्याला चुकते करते. यातलं काहीच भावपत्रकावर छापलेलं नसतं, पण ते भावाचाच भाग आहे.

गिरणीचीही तक्रार रास्त आहे. काही ठेकेदार निवडक ओंडके सर्वाधिक भाव देणाऱ्याकडे नेतात आणि उरलेला गाठाळ माल नेहमीच्या गिरणीत टाकतात. चांगल्या मालावरच गिरणीचा नफा असतो. तो निघून गेला की उरलेल्याला सांगितलेला भावही पेलत नाही. त्यावर तोडगा म्हणून काही गिरण्या जंगलातून येईल त्या सगळ्या मालाला एकच सरासरी भाव देतात. त्यात निवडानिवडीचा वेळ वाचतो, पण झाडं खरोखर चांगली असतील तर ठेकेदार आणि जमीनमालक दोघांचं नुकसान होतं.

या बांधिलकीत दोन्ही बाजूंचं बळ मात्र सारखं नाही. मे 2021मध्ये अमेरिकेत फळ्यांचा वायदेभाव हजार बोर्ड फुटांना 1,600 डॉलरच्या वर गेला. पण दक्षिणेकडच्या पाइन बागांच्या मालकांना उभ्या झाडांचा भाव त्या मानाने जेमतेमच मिळाला, कारण तोडीला आलेली झाडं गिरण्यांच्या गरजेपेक्षा खूप जास्त होती. मेनमधल्या ‘जे’ नावाच्या गावातल्या कागद कारखान्यात एप्रिल 2020मध्ये स्फोट झाला आणि 2023मध्ये तो कायमचा बंद पडला. झाडाचा बुंधा लाकूड गिरणीत जातो, शेंडा आणि वाकडा भाग कागदासाठी. त्या हलक्या मालाचं मोठं गिऱ्हाईक गेल्यावर बुंध्याला कितीही भाव मिळाला तरी पुऱ्या झाडाचा हिशेब जमवणं अवघड होतं.

बळाचा हा तोल सावरायचा एक प्रयत्न मेनमध्ये झाला. शेतमालाच्या भावासाठी शेतकऱ्यांना एकत्र बोलणी करता यावीत, अशी तरतूद तिथल्या कायद्यात आधीपासून होती. 2019मध्ये तिथल्या विधिमंडळाने ती लाकूड तोडणाऱ्यांना आणि वाहून नेणाऱ्यांनाही लागू केली. विधेयक मांडणारे मेनच्या सिनेटचे तेव्हाचे अध्यक्ष ट्रॉय जॅक्सन स्वतः लाकूडतोडीच्या धंद्यातले होते.