फाटकाबाहेरचा निरोप

नोकरीच्या निमित्ताने चंदीगडला असताना एकदा तेथील इंडस्ट्रियल एरियातून पायी चाललो होतो. एका कारखान्याच्या फाटकातून मालमोटार एकाएकी बाहेर आली आणि मी उडी मारून बाजूला झालो. मोटार निघून गेली, तरी छातीतली धडधड थांबेना. दम घेत उभा असता पाहिले, तो कोणी एक माणूस निरोप घेऊन फाटकाशी आला. पहारेकऱ्याने त्याला आत सोडले नाही. निरोप ऐकून घेतला आणि आतली घंटा वाजविली. श्रोतेहो, माझ्या हृदयात त्या वेळी असेच काही चालले होते.

भीती वाटताच मूत्रपिंडांवरील ग्रंथी ॲड्रेनलीन हे संप्रेरक, म्हणजेच हार्मोन, रक्तात सोडतात. ते हृदयाच्या पेशींपाशी येते. पण पेशीच्या पटलातून आत शिरत नाही. मग आतली यंत्रे वेग कशी घेतात? अमेरिकन शास्त्रज्ञ अर्ल सदरलँड यांनी १९५० नंतरच्या दशकात यकृताच्या पेशी फोडून याचा शोध घेतला. पेशीपटलाचे तुकडे काढून टाकले, की उरलेल्या द्रवावर संप्रेरकाचा परिणाम होईना. त्या तुकड्यांवर संप्रेरकाची क्रिया घडविली, की एक नवा पदार्थ तयार होई. आणि तो एकटाच द्रवात घातला तरी काम सुरू होई. हा सायक्लिक एएमपी, म्हणजे पेशीच्या आतली घंटा. या शोधाबद्दल सदरलँड यांना १९७१ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

मधले पहारेकरीही पुढे सापडले. संप्रेरक पटलावरील ग्राहीला चिकटते. ग्राही जी-प्रथिनाला जागे करतो. ते प्रथिन पटलातच बसलेल्या ॲडेनिलिल सायक्लेज या विकराला, म्हणजे एन्झाइमला, चालना देते; आणि हे विकर एटीपीपासून सायक्लिक एएमपी बनवू लागते. थोड्याच वेळात जी-प्रथिन आपण होऊन शांत होते. या प्रथिनाच्या शोधाबद्दल रॉडबेल आणि गिलमन यांना १९९४ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

घंटा वाजणे जितके महत्त्वाचे, तितकेच ती थांबणेही. पटकीच्या रोगात ती थांबत नाही. पटकीचे जंतू विष सोडतात आणि त्या विषानेच आतड्यात पाणी साचते, हे कलकत्त्याच्या शंभुनाथ डे यांनी १९५९ मध्ये दाखविले. ते विष जी-प्रथिनाला शांत होऊ देत नाही, हे नंतर कळले. विकर अखंड चालते आणि रोग्याच्या अंगातले क्षार व पाणी वाहून जाते. पंढरीच्या वाटेवर एके काळी वारकऱ्यांना गाठणारी पटकी ती हीच.

मात्र साखरेच्या सोबतीने मीठ आत घेणारी आतड्याची वाट या विषाने बंद होत नाही. म्हणूनच साखर-मिठाचे योग्य प्रमाणातले पाणी गुणकारी ठरते. १९७१ मध्ये बनगाव येथे निर्वासितांना असेच पाणी पाजून डॉ. दिलीप महालनोबीस यांनी कित्येकांचे प्राण वाचविले. बाधलेल्या पेशी काही दिवसांत झडून जातात, त्यांच्या जागी नव्या येतात. तोवर गेलेले पाणी भरून काढीत राहावयाचे असते.