चित्तोद्वेग : औषधावाचून चिकित्सा

चिंतेने ग्रासलेला रुग्ण आयुर्वेदाकडे वळतो, तो बहुधा एकच अपेक्षा घेऊन : चालू असलेल्या गोळ्या सुटाव्यात आणि त्यांच्या जागी एखादे निर्धोक औषध मिळावे. वैद्यही पुष्कळदा अश्वगंधेचा किंवा ब्राह्मीचा योग लिहून देतात. वस्तुतः एका गोळीच्या जागी दुसरी आली, एवढेच घडते. औषधावाचूनची चिकित्सा ती ही नव्हे.

चरकाचार्यांनी विमानस्थानात मानस विकारांमध्ये चित्तोद्वेग व भय यांची गणना केली आहे, आणि सूत्रस्थानाच्या अकराव्या अध्यायात दैवव्यपाश्रय व युक्तिव्यपाश्रय यांच्या जोडीने सत्त्वावजय ही स्वतंत्र चिकित्सा सांगितली आहे. अहितकर विषयांपासून मनाला आवरणे हे तिचे स्वरूप. परंतु आपल्या चिकित्सालयांत ती ‘काळजी करू नका’ या एका वाक्यावर आटोपली जाते. हा सल्ला रुग्णाला घरचे लोक रोजच देत असतात. त्यासाठी वैद्याची गरज नाही.

चिंता टिकून राहते ती मुख्यतः टाळाटाळीमुळे. लोकलच्या गर्दीत एकदा छातीत धडधडले म्हणून एखादा गृहस्थ लोकल सोडतो. त्या दिवशी त्याला हायसे वाटते, आणि तेच हायसे वाटणे भीतीला खतपाणी घालते. महिन्याभरात बसही सुटते, मग बाजारही. उपाय उलट दिशेचा आहे. आधी फलाटावर नुसते उभे राहणे, मग गर्दी नसताना एक स्थानक, मग दोन. आणि प्रत्येक पायरीवर धडधड आपोआप ओसरेपर्यंत तेथेच थांबणे. धैर्य आणि स्मृती यांना शास्त्रकारांनी मनाच्या चिकित्सेत स्थान दिले आहे, त्याचा अर्थ येथे उलगडतो : ‘मागच्या वेळीही असेच वाटले होते आणि काही झाले नाही’ ही आठवण रुग्णाजवळ अनुभवानेच साठते. सतत घोळणाऱ्या चिंतांसाठी दिवसातील ठरावीक वीस मिनिटे राखून त्या वहीत उतरविणे उपयुक्त ठरते. एरवी आलेली चिंता त्या वेळेपर्यंत पुढे ढकलावयाची.

श्वसनाच्या बाबतीत सावधगिरी हवी. कपालभाती, भस्त्रिका यांचा सरसकट सल्ला देऊ नये. जलद श्वसनाने रक्तातील कार्बन डायऑक्साइड घटतो, हातापायांना मुंग्या येतात, चक्कर येते, आणि रुग्णाला झटकाच आल्यासारखे वाटते. मिनिटाला सहाच्या आसपास संथ श्वास, उच्छ्वास अधिक लांब, एवढे पुरे. झोपण्यापूर्वी पादाभ्यंग, नियमित चालणे आणि दुपारनंतर चहा-कॉफी बंद हे सर्वांना ठाऊक आहेच.

ध्यानाचीही मात्रा असते. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका चाचणीत २७६ रुग्णांपैकी काहींना एसिटालोप्राम, तर काहींना आठ आठवड्यांचे सजगता-ध्यानाचे प्रशिक्षण दिले गेले. दोन्ही गटांतील सुधारणा तुल्य ठरली. मात्र तेथे दर आठवड्याला अडीच तासांचा वर्ग आणि घरी रोज पाऊण तासाचा सराव होता. ‘ध्यान करीत जा’ असे दारात उभ्याने सांगून तो परिणाम यावयाचा नाही.

हे सर्व आरंभण्यापूर्वी थायरॉईडचा अतिरेक, पांडू व हृद्रोग वगळावेत. आत्महत्येचे विचार आहेत का, हे स्पष्ट शब्दांत विचारावे; विचारल्याने ते बळावत नाहीत. असल्यास मानसरोगतज्ज्ञाकडे विनाविलंब पाठवावे. शासनाची १४४१६ ही टेली-मानस दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून आहे. तो क्रमांक दुकानात दर्शनी भागी लावण्यास खर्च काहीच नाही.

औषधी विक्रेत्यांसाठी एक गोष्ट निक्षून सांगावयाची. अल्प्राझोलामसारखी गोळी बरेच दिवस घेणारा ग्राहक ‘आता आयुर्वेदिकच द्या, ती आजपासून बंद’ असे म्हणाला, तर त्याला थांबवावे. ती एकाएकी सोडल्यास निद्रानाश, कंप, प्रसंगी आकडीही येते. मात्रा हळूहळू, बहुधा आठवडे किंवा महिने घेऊन, आणि ज्या डॉक्टरांनी ती लिहून दिली त्यांच्याच देखरेखीखाली उतरवावी लागते. सत्त्वावजयाचा आरंभ गोळी चालू असतानाच करता येतो.