गाडी विकली, नाव राहिले

सकाळी सात-साडेसातला सटाण्यात मालेगाव रस्त्याला उभे राहिले, की धंद्याला निघालेल्या मोटारसायकली एकामागून एक दिसतात. मागच्या सीटवर कापडाचे गाठोडे, ते सायकलच्या जुन्या ट्यूबने आवळलेले. कोणाकडे बांगड्यांची पेटी, कोणाकडे अंड्यांचे ट्रे, कोणाच्या हॅन्डलला स्टोव्ह-कुकर दुरुस्तीच्या हत्यारांची पिशवी. कोणी नामपूरला निघालेला, कोणी ताहाराबाद-मुल्हेरकडे, कोणी डांगसौंदाण्याला. कापड बहुधा सुमारे चाळीस किलोमीटरवरच्या मालेगावहून आणलेले. ज्याला बाजारपेठेतल्या गाळ्याचे भाडे परवडत नाही, त्याचे दुकान ही गाडीच.

हाच फिरता धंदा पूर्वी सायकलवर चालत असे. मग लूना आली, बजाजची एम-80 आली, दुधाचे कॅन वाहणारी राजदूत आली. 1985 साली हिरो होंडाची सीडी-100 बाजारात आली आणि पेट्रोलच्या हिशेबाची भाषाच बदलली. ऑईल मिसळायची कटकट गेली आणि एका लिटरमध्ये दुप्पट गावे होऊ लागली. 1994 च्या स्प्लेंडरने तर खेड्यापाड्यांत घर केले. आज बागलाणात धंद्याची गाडी म्हटली, की शंभर-सव्वाशे सीसीचीच असते, आणि त्यातल्या पुष्कळ दुसऱ्या किंवा तिसऱ्या हाताच्या असतात.

याला कारणही आहे. व्याज नको म्हणून हप्त्याची नवी गाडी टाळणारे, भिशी उचलून रोखीने जुनी गाडी घेणारे आपल्यात बरेच आहेत. रोखीचा सौदा चांगलाच. घेणारा इंजिनाचा आवाज ऐकतो, सायलेन्सरचा धूर पाहतो, चेन-स्प्रॉकेट हाताने हलवून बघतो, ॲव्हरेज किती ते दोनदा विचारतो. आर. सी. बुकात नाव कोणाचे आहे आणि ते बदलायचे कधी, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. ‘फॉर्मवर सही करून देतो, नंतर करून घे’ एवढ्यावर सौदा मिटतो. तो ‘नंतर’ चार-चार वर्षे येत नाही, आणि तेवढ्यात गाडी आणखी दोन हात फिरून कोणत्या गावाला गेली, हेही मूळ मालकाला माहीत नसते.

यात धोका कोणाला? बहुतेकांना वाटते, घेणाऱ्याला. खरा मोठा धोका विकणाऱ्याला आहे.

मोटार वाहन कायदा, 1988 मध्ये ‘मालक’ या शब्दाची व्याख्या दिली आहे. ज्याच्या नावावर गाडीची नोंदणी आहे, तो मालक. (गाडी कर्जाऊ किंवा हप्त्याच्या कराराखाली असेल, तर त्या करारान्वये जिच्या ताब्यात ती आहे ती व्यक्ती.) पैसे कोणी दिले, किल्ली कोणाकडे आहे, पेट्रोल कोण भरतो, याला अपघाताची भरपाई मागणाऱ्यापुढे किंमत नाही.

हे निव्वळ पुस्तकी नाही. उत्तरेकडील एका प्रकरणात एका गृहस्थाने 2007 साली आपली कार विकली. घेणाऱ्याने ती पुढे विकली, त्यानेही पुढे दिली. नोंदणी मात्र पहिल्याच माणसाच्या नावावर राहिली. मे 2009 मध्ये त्या गाडीने अपघात होऊन एका मुलाचा जीव गेला. भरपाई कोणी द्यायची यावर प्रत्येक जण मागच्या-पुढच्याकडे बोट दाखवू लागला. उच्च न्यायालयाने पहिल्या मालकाला सोडले. पण 6 फेब्रुवारी 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला आणि नोंदणीत ज्याचे नाव तोच मालक, जबाबदारीही त्याची, असे ठरवले. ज्याचे माणूस गेले त्याने विक्रीच्या साखळीतला एकेक दुवा शोधत फिरावे, अशी कायद्याची अपेक्षा नाही, असा न्यायालयाचा विचार होता. तो आपल्यालाही पटण्यासारखा आहे. आपलाच मुलगा अशा गाडीखाली आला असता, तर आपण काय म्हटले असते?

आता हेच सटाण्याला लावून पाहा. समजा, एका शिंपीकाम करणाऱ्याने आपली जुनी गाडी वीस हजाराला विकली. घेणाऱ्याने दोन वर्षांनी ती कळवणकडच्या कोणाला दिली. त्याने विमा भरला नाही. कांद्याच्या हंगामात रस्त्याला ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग, अंधार पडलेला, आणि गाडीची धडक एका पायी चालणाऱ्या मजुराला बसली. मजूर गेला. दाव्यात चालवणाऱ्याबरोबर आपल्या शिंप्याचेही नाव येईल. वीस हजार केव्हाच खर्च झाले. आता मागणी लाखांची, आणि डोळा शिलाई मशीन व घरावर.

विमा असता तर? 2011 साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिलेल्या एका ट्रकच्या प्रकरणात नेमके असेच घडले होते. ट्रक 1993 साली विकला गेला, नाव बदलले नाही, 1994 साली अपघात झाला. फरक एवढाच, की घेणाऱ्याने विमा जुन्या मालकाच्या नावाने का होईना, पण चालू ठेवला होता. न्यायालयाने विमा कंपनीला पैसे द्यायला लावले. एका कागदाने जुना मालक वाचला. पण असा विमा चालू ठेवणे घेणाऱ्याच्या मर्जीवर असते, आणि परक्याच्या मर्जीवर आपले घर ठेवायचे का, हे ज्याने त्याने ठरवावे.

जुना विमा मुदतीत असेल, तर गाडीबरोबर ‘थर्ड पार्टी’ म्हणजे तिऱ्हाईताच्या नुकसानीचा विमा नव्या मालकाकडे आपोआप गेला असे कायदा मानतो. नव्या मालकाने चौदा दिवसांत कंपनीला कळवून पॉलिसीत आपले नाव घालून घ्यायचे असते. स्वतःच्या गाडीच्या मोडतोडीचा किंवा चोरीचा विमा मात्र असा आपोआप जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने पूर्वीच स्पष्ट केले आहे. चोरी झाल्यावर ‘विमा तर होता’ असे म्हणत कंपनीच्या दारात उभे राहणाऱ्यांत नाव न बदललेले नेहमी दिसतात.

आता घेणाऱ्याची बाजू. त्याचे नुकसान वेगळ्या जागी आहे. गाडीच्या विम्यासोबत मालक-चालकाचा व्यक्तिगत अपघात विमा असतो. 2018 साली त्याची रक्कम 15 लाख रुपये ठरली आणि वर्षाचा हप्ता 750 रुपये. चालवणारा स्वतः अपघातात गेला, तर घरच्यांना मिळणारी हीच मुख्य रक्कम. पण ती मिळते नोंदणीत ज्याचे नाव आहे, ज्याच्या नावाने पॉलिसी आहे आणि ज्याच्याकडे लायसन्स आहे, अशा मालकाला. नाव दुसऱ्याचे असेल, तर गाडी तुमची असूनही कागदावर तुम्ही मागून आणलेल्या गाडीवर बसला आहात.

मागून आणलेल्या गाडीचे काय होते, हेही ऐकून ठेवावे. शेजारच्या कर्नाटकातील एक माणूस दुसऱ्याची हिरो होंडा घेऊन निघाला होता. पुढे लोखंडी पत्रे भरलेली बैलगाडी अचानक थांबली, हा तिच्यावर आदळला आणि गेला. बायको-मुलांनी दावा केला. 2009 साली सर्वोच्च न्यायालय म्हणाले, की गाडी मागून नेणारा मालकाच्याच जागी उभा असतो. तो तिऱ्हाईत नव्हे. म्हणून चूक सिद्ध न करता भरपाई देणाऱ्या कलमाखाली त्यांना पैसे मागता येणार नाहीत. इतर कलमांखाली काही मिळते का, हे पाहायला प्रकरण परत पाठवले गेले. आपल्याकडे गाडी देण्या-घेण्यात कोणी मागेपुढे पाहत नाही. साडूची गाडी, भाच्याची गाडी, दुकानातल्या पोऱ्याला ‘जा, पटकन माल घेऊन ये’ म्हणून दिलेली गाडी. देऊ नये असे माझे म्हणणे नाही. लहान गावात त्याशिवाय चालत नाही. पण देताना लायसन्स पाहावे. लायसन्स नसलेल्याला गाडी दिली तर मालकही गुन्हेगार ठरतो. आणि अल्पवयीन पोरगा असेल, तर 2019 साली कायद्यात घातलेल्या कलमाप्रमाणे पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद व 25 हजार रुपये दंड होऊ शकतो, वर गाडीची नोंदणी बारा महिने रद्द. शाळेत जाणाऱ्या मुलाला गाठोडे पोहोचवायला पाठवणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावे.

नाव बदलणे अवघड आहे का? कटकट आहे, अवघड नाही. बागलाणच्या गाड्यांचे काम आता मालेगावच्या परिवहन कार्यालयात होते. एमएच-41 हा नंबर तिथलाच. जुन्या एमएच-15 च्या गाड्या नाशिकच्या नोंदणीतल्या. विकणाऱ्याने फॉर्म 29 भरून विक्रीची खबर द्यायची, राज्यातल्या राज्यात यासाठी मुदत चौदा दिवसांची. घेणाऱ्याने फॉर्म 30 भरायचा, मुदत तीस दिवस. बँकेचा किंवा फायनान्सचा बोजा असेल, तर कर्ज फिटल्याचा दाखला व फॉर्म 35 घेऊन तो आधी उतरवायचा. कर्ज फेडून दहा वर्षे झाली आणि बुकात बोजा अजून तसाच, अशा गाड्या सटाण्यात एका गल्लीत दोन-चार सापडतील. शेजारच्या गुजरातेतून स्वस्तात गाडी आणणाऱ्यांनी तर विशेष जपावे. तिथल्या कार्यालयाचा ना-हरकत दाखला, इथला कर आणि नवा नंबर यांचा खर्च धरला, की ती स्वस्ताई पुष्कळदा उरत नाही.

वडिलांच्या नावची गाडी त्यांच्या पश्चात मुले वर्षानुवर्षे तशीच चालवतात, तोही याच चुकीचा प्रकार. मालक वारला, तर वारसाने तीस दिवसांत कार्यालयाला कळवायचे आणि तीन महिन्यांत फॉर्म 31 भरून नाव लावून घ्यायचे. दुकानाच्या वाटणीत तराजूसुद्धा मोजला जातो, गाडी तेवढी राहून जाते.

घेणारा टाळाटाळ करत असेल, तर विकणाऱ्याने काय करावे? माझे सरळ मत असे, की बयाणा घ्यावा, पण पूर्ण रक्कम आणि किल्ली यांची अदलाबदल अर्ज दाखल करण्याच्या दिवशीच करावी. तेवढा जोर लागत नसेल, तर दोन-तीन हजार रुपये नाव बदलेपर्यंत बाकी ठेवावेत, म्हणजे घेणाराच घाई करतो. दिवस, वेळ, नंबर, घेणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत, दोन साक्षीदार, हे कागदावर असावे. पण असा कागद हा नोंदणीला पर्याय नाही. त्याच्या आधारे घेणाऱ्याकडून पैसे मागता येतील. अपघातातल्या माणसाला तो दाखवून हात झटकता येणार नाहीत. कोऱ्या फॉर्मवर सही करून तो देऊन टाकणे हा सर्वांत वाईट मार्ग. आणि विकलेल्या गाडीच्या दंडाचे चलन तुमच्या मोबाईलवर येऊ लागले, तर समजावे की नाव अजून तुमचेच आहे. त्या दिवशी हसून सोडून देऊ नये.

विम्याच्या खर्चाबद्दल नेहमी कुरकुर ऐकू येते. 2022 साली ठरलेल्या दरांप्रमाणे 75 ते 150 सीसीच्या गाडीला थर्ड पार्टीचा वर्षाचा हप्ता 714 रुपये. त्यात व्यक्तिगत अपघाताचे 750 आणि जीएसटी धरला, तरी रोजचे पाच रुपये पडत नाहीत. महिन्याला हजार किलोमीटर फिरणारा माणूस वीसेक लिटर पेट्रोल जाळतो, त्यापुढे हा आकडा किती लहान! उलट बिनविम्याची गाडी पकडली गेली, तर पहिल्याच वेळी दोन हजार दंड, आणि पुढच्या वेळी चार हजार.

फेरीवाल्यांसाठी आणखी एक गोष्ट. पॉलिसीच्या कागदावर गाडी कशासाठी वापरता येईल हे बारीक अक्षरांत छापलेले असते. खाजगी दुचाकीच्या बहुतेक पॉलिसींत भाड्याने वापर आणि नमुने किंवा स्वतःचे सामान सोडून इतर मालाची वाहतूक वगळलेली असते. म्हणजे गाठोडे बांधून फिरणाऱ्याने ही ओळ पॉलिसी घेण्यापूर्वीच वाचावी, एजंटला विचारावे आणि उत्तर लेखी घ्यावे. एजंट तोंडी ‘काही होत नाही’ म्हणतो. दाव्याच्या वेळी तो समोर नसतो. गाठोडे हॅन्डलच्या रुंदीबाहेर जाऊ देऊ नये, आणि माल भरल्यावर मागच्या चाकात पुस्तिकेत ओझ्यासाठी दिलेल्या मापाने हवा भरावी, हे तर विम्याशिवायही खरेच. पावसाळ्यात ट्रॅक्टरच्या चाकांतून डांबरावर पडलेल्या मळ्याच्या चिखलावर जड गाडी ब्रेक लावताच आडवी होते.

जुनी गाडी पाहायला जाल तेव्हा नंबर आधी परिवहन खात्याच्या ॲपवर टाकून पाहावा. नोंदणीची तारीख, विम्याची मुदत, बोजा, एवढे तिथे कळते. नोंदणीला पंधरा वर्षे होत आली असतील, तर नूतनीकरणाचा खर्च किमतीतून वजा करून मागावा. मग चेसिस नंबर हॅन्डलच्या गळ्यापाशी आणि इंजिन नंबर इंजिनाच्या केसिंगवर पाहावा. गंज किंवा ऑईल बसले असेल, तर चिंधीने पुसून वर कागद धरावा आणि पेन्सिल घासून छाप घ्यावी. छाप आणि बुक यांत एका आकड्याचाही फरक असेल, किंवा आकड्यांवर कानस फिरल्यासारखे दिसले, तर भाव कितीही उतरला तरी गाडी तिथेच सोडून यावे.